राहिलेल्या सहा रांगा

आबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि उठायला तयार नव्हते.

माझ्यामागे बेचाळीस पोरं उभी होती. प्रत्येकाच्या हातात काळ्या पिशवीतलं सुबाभळीचं रोप होतं, आणि दर दोघांत एक पाण्याची कळशी. ऊन चढायला लागलं होतं. खड्डा पंधराव्या रांगेतला पहिलाच, म्हणजे तिथून पुढे जायचं तर आबांच्या अंगावरूनच जावं लागणार.

“आबा, उठताय ना?”

“बसलोय की.”

“ते दिसतंय. किती वेळ बसणार?”

आबांनी आभाळाकडे पाहिलं. तिथे घड्याळ टांगलेलं असावं असं. मग घोंगडीची घडी जरा नीट केली आणि म्हणाले, “बसंन की. गुडघा धरलाय. सुटला की उठतो.”

पोरं फिसकन हसली. पहाटे मेंढरामागे पळत चार मैल गेलेला हा माणूस मी स्वतः पाहिला होता. मी म्हटलं, ठीक आहे, आज गुडघ्याला सुट्टी, आणि पोरांना घेऊन शाळेकडे वळले. हे ऑगस्टच्या तीन तारखेचं. पंधरा ऑगस्टला तालुक्याची समिती झाडं मोजायला येणार होती.

माझं गाव गुहागरच्या खाली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हा सोलापूरकडचं हे गाव नकाशात शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला होता. गावाचं नावच कुसळवाडी. एसटीतून उतरले तर समोर माळ. मागे माळ. दोन्ही बाजूंना माळ. गुडघाभर पिवळं गवत आणि त्यावर टेकलेलं आभाळ, मध्ये धरायला काही नाही. शाळेपर्यंत चालत गेले तेवढ्यात साडीच्या काठाला शेकडो कुसळं टोचून बसली होती. त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं की देव इथे झाडं करायला विसरलाय. आईचं उलट टपाली उत्तर आलं, जिथे बसायला सावली नाही तिथे मी काही यायची नाही, तूच बदली करून घे.

बदली मी करून घेतली नाही. मी ठरवलं, सावलीच करायची.

आबा म्हणजे म्हाळाप्पा कोकरे. साठीचे, काटक, मिशा पांढऱ्या, आणि तोंड असं की गावातले भले भले त्यांच्या नादी लागत नसत. शाळेच्या मागेच त्यांचा मेंढरांचा वाडगा होता. त्यांची बायको सुगलाबाई पहिल्याच दिवशी माझ्या दारात येऊन बसली, काही न बोलता माझ्या साडीचा काठ मांडीवर ओढून घेतला आणि एकेक कुसळ उपटायला लागली. पुढे रोज संध्याकाळी तिचा तोच उद्योग. मी बोलत राहायचे, ती काठ साफ करत राहायची. आबा उंबऱ्याबाहेर बसून मला कोकणाबद्दल विचारायचे. तुमच्याकडं येवढी झाडं, मग आभाळ कुठं ठिवता? मी सांगायचे, आम्ही आभाळ समुद्रावर वाळत घालतो. पोफळीला शेंडा असतो का? तो बघायला मान मोडत नाही का? मोडते, म्हणून तर आम्ही मान खाली घालून चालतो, तुमच्यासारखी ताठ मानेनं नाही. असं आमचं चालायचं. तोवरच्या चार वर्षांत आबांशी मी एक वाक्य सरळ बोलले असेन तर शपथ. आणि खरं सांगते, त्या परमुलखात मला माहेर मिळालं ते त्या थट्टेतच.

तर, झाडं. तालुक्यात शाळांची वृक्षारोपणाची स्पर्धा निघाली होती आणि ग्रामपंचायतीनं शाळेमागचं गायरान मला देऊन टाकलं होतं. पडीकच होतं, सरपंच म्हणाले, करा काय करायचं ते. मी मेमध्ये सगळं गाव कामाला लावलं. वीस रांगा, रांगेत पन्नास खड्डे. हजार झाडं. दुसरे शिक्षक गुंड गुरुजी भूमितीचे, त्यांनी दोरी धरून रांगा अशा आखल्या की एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा खड्डा नाकासमोर. जुलैअखेरपर्यंत चौदा रांगा लावून झाल्या होत्या. आबा त्या सगळ्या दिवसांत येत-जात बघायचे, चेष्टा करायचे, पण आडवे कधी आले नव्हते. आणि आता पंधराव्या रांगेत त्यांचा गुडघा धरला होता.

दुसऱ्या दिवशी गेले तर तिथेच. गुडघा सुटला होता. पण रात्री बिरोबानं स्वप्नात येऊन सांगितलं होतं की म्हाळाप्पा, जागा सोडू नको. मी विचारलं, का सोडू नको ते सांगितलं नाही का? देवाला असं उलटं इचारत न्हाईत, आबा म्हणाले. तिसऱ्या दिवशी मेंढ्याच्या गळ्यातली घंटा हरवली होती आणि ती ह्याच खड्ड्यात असणार होती. चौथ्या दिवशी त्यांनी कारण द्यायचीही तसदी घेतली नाही. नुसते हसले आणि तंबाखू मळत बसले.

पाचव्या दिवशी मी हजेरीपट घेऊनच गेले. पोरांची नावं घेतली आणि शेवटी म्हटलं, “कोकरे म्हाळाप्पा.”

“हजर, बाई,” आबा हात वर करून म्हणाले.

मग ती रीतच पडली. रोज सकाळी माळावर जाऊन आबांची हजेरी घ्यायची. मी खरंच पेन्सिलीनं त्यांचं नाव शेवटी लिहून ठेवलं होतं. गुंड गुरुजी घाबरले, म्हणाले तपासणीला साहेब आले तर काय सांगायचं? मी म्हटलं सांगू, प्रौढ शिक्षण.

पण हसताहसता माझ्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या होत्या. दिवस जात होते. तीनशे रोपं शाळेच्या पडवीत पिशव्यांत बसून होती आणि पोरं त्यांना रोज पाणी घालत होती. सुगलाबाईला विचारलं तर ती म्हणे, त्येंचं त्येंला म्हाईत. मेंढरं आता तीच चारायला नेत होती, दुपारी माळावर भाकरी पोचवत होती, आणि संध्याकाळी माझा काठ साफ करत होती. सरपंच एकदा येऊन आबांना रागावून गेले. आबांनी त्यांना शेजारचा खड्डा दाखवला आणि बसा म्हणाले. गावात माझी आणि आबांची जुंपलीय म्हणून माणसं मुद्दाम वाकडी वाट करून बघायला येत. आली की आबा त्यांना लांबूनच हाक मारून जवळ बोलवायचे आणि गप्पांत गुंतवायचे. पुढे एकालाही जाऊ दिलं नाही हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

माझा आपला सरळ हिशेब. चराईची जागा जातेय म्हणून म्हातारा अडून बसलाय. मी एकदा तोंडावर म्हटलंही, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, मेंढरांना गवत हवंय म्हणून सांगा की सरळ. आबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

बारा तारखेला आईचं पत्र आलं. झाडं किती वर आली, असं तिनं विचारलं होतं. गुडघाभर आली तरी मी येते, म्हणाली. ते वाचून मात्र माझा तोल गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शाळा सुटल्यावर, मी एकटीच कुदळ घेऊन निघाले. म्हटलं, हा बसू दे खड्ड्यात. मी सगळ्या रांगांना वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाते आणि तिकडून लावत येते. विसाव्या रांगेपासून उलटी.

आबांनी मला लांबून पाहिलं. आणि त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा उठले. नुसते उठले नाहीत, पळत आले. धोतराचा सोगा एका हातात, तोंडानं चकार शब्द नाही. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, “बाई, चपला काढा.”

“काय?”

“चपला काढा. कुदळ हितंच ऱ्हाऊ द्या. आन् बोलू नगा.”

त्या आवाजात थट्टा नव्हती. मी तो आवाज ओळखत नव्हते, म्हणून मुकाट्यानं चपला काढल्या. आबांनी आपली घोंगडी माझ्या पांढऱ्या साडीवर टाकली आणि वाकून चालायला लागले. मीही त्यांच्यामागे वाकून. पायाला गवत टोचत होतं, घोंगडीला मेंढरांचा उग्र वास येत होता, आणि मनात येत होतं की गुहागरला कोणी पाहिलं तर काय म्हणेल. बांधावर वेचून टाकलेल्या दगडांचा एक ढीग होता. त्याच्याआड आम्ही बसलो. आबांनी हनुवटीनं पुढे दाखवलं.

आधी मला काहीच दिसलं नाही. गवत आणि गवत. मग गवतातून एक मान वर आली. करडी, लांब, सरळ. वर काळी टोपी. मी कोंबडी, बगळा, मोर सगळे पाहिले होते, हे त्यांतलं कोणी नव्हतं. ती चांगली पोरांच्या छातीला लागेल एवढी उंच होती. उभी राहिली, चारी दिशांना सावकाश मान फिरवली, सगळा माळ पाहून घेतला, आणि मग चोच खाली घालून काहीतरी हलवलं. अगदी जपून. एकोणिसाव्या रांगेतल्या दोन खड्ड्यांच्या मधोमध ती जागा होती. पुन्हा बसली ती गवतात दिसेनाशी झाली.

आबांनी मूठ मिटून मला दाखवली. मग एक बोट वर केलं.

“अंडं?” मी ओठांनीच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभच चावली. परत पंधराव्या रांगेपाशी येईपर्यंत ते बोलले नाहीत. तिथे बसल्यावर म्हणाले, “माळढोक हाय. आमच्यात त्येचं नाव घेत न्हाईत. म्हंजी पाखराचं घ्यायचं, आतल्याचं न्हाई. पिल्लू चालंस्तवर जिभेवर आणायचं न्हाई. माज्या बापानं मला असंच नेऊन दावलं हुतं, म्या तुमाला दावलं.”

“मग मला आधीच का नाही दाखवलंत?”

“कसं दावावं? तुमी बेचाळीस पोरं घिऊन फिरता.” आता आवाज पुन्हा त्यांचा झाला होता. “आन् मला वाटलं, तुमी कट्टाळून जाल. कोकणची मानसं लौकर कट्टाळतात म्हन्त्यात.”

“कोणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. आता कळलं, खोटं हाय.”

मग बराच वेळ त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी ह्या माळावर पाचपाच सातसात दिसायची. श्रावणात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा, तो हुंकार पार ओढ्यापर्यंत ऐकू जायचा. आता यंदा ही एकटीच आली होती. वर्षाला एकच अंडं घालायची, तेही उघड्या जमिनीवर, काडीचा आडोसा न करता. मेंढरांना आणि घोंगडीवाल्या माणसाला ती बिचकत नसे, पण पांढरे सदरे घालून पोरं आली असती तर उठून गेली असती, आणि ती उठली की कावळे टपलेलेच. आणि खड्डे खणले होते तरी तिनं आपली नेहमीची जागा सोडली नव्हती. हे सांगताना आबांचा आवाज जरा ओला झाला. मी दुसरीकडे पाहिलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “बाई, ही झाडं मोठी झाल्यावर ही बघंल कुठनं?”

“झाडावर चढून,” मी म्हटलं.

आबा हसले. मीही हसले. मोकळं वाटलं मला. इतक्या दिवसांचं भांडण मिटलं होतं.

चौदा तारखेला मी पोरांना सांगितलं की राहिलेल्या सहा रांगा आता लावायच्या नाहीत आणि त्या बाजूला कोणी फिरकायचंही नाही. का, ते सांगितलं नाही. माझ्याही जिभेवर आता ते यायचं नव्हतं. पंधराला समिती आली. झेंडावंदन झालं, गूळ-शेंगदाणे वाटले, साहेबांनी रांगा मोजल्या आणि विचारलं, हजार म्हणून कळवलंत ना, सातशेच आहेत. मी म्हटलं, उरलेली पुढच्या टप्प्यात. आबा त्यांच्या खड्ड्यात बसूनच होते. हे कोण, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आमचे राखणदार. पहिलं बक्षीस शेजारच्या गावाला गेलं. आठशेवर झाडांना. गुंड गुरुजी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि मी आईला लिहिलं की गुडघाभर नाही, अजून वीतभरच आहेत, जरा थांब.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आबा शाळेच्या दारात आले. मी चौथीच्या वर्गावर होते. ते आत आले नाहीत, डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाले, “बाई, आता नाव घ्या.”

मी खडू ठेवला आणि धावले. दगडांच्या ढिगाआडून आम्ही पाहिलं. ती पुढे, आणि तिच्या पायांत घोटाळत एक मातीच्या रंगाचा गोळा. चार पावलं चालायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. मला रडूच आलं. आबांच्या खांद्याला धरून मी रडले आणि ते मला म्हणाले, कोकणातलं पानी हितं सांडू नगा, कुसळं वाढतील.

पंधरा दिवसांनी मायलेकरं ओढ्याच्या पलीकडे निघून गेली. त्यानंतर एका सकाळी आबा पडवीत आले आणि राहिलेल्या रोपांपुढे उभे राहिले. तीनशे पिशव्या. पोरांनी जिवापाड जगवलेल्या.

“चला की, लावायची न्हवं?” ते म्हणाले.

मला त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, नक्की ना? ते म्हणाले, तुमी माजं ऐकलं, तुमचं बक्षीस गेलं. आता म्या तुमचं ऐकतो. आणि खरोखर त्या दिवशी ते पोरांच्या बरोबरीनं राबले. पंधराव्या रांगेतल्या पहिल्या खड्ड्यात, जिथे ते इतके दिवस बसले होते, तिथलं रोप त्यांनी स्वतः लावलं. माती हातानं दाबून बसवली. मी थट्टा केली, आबा, जागा उबवून ठेवलीय, हे झाड सगळ्यांत आधी वर येणार. झालंही तसंच. संध्याकाळपर्यंत सहाही रांगा भरल्या. पुढच्या वर्षी पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं आणि त्याच्याही पुढच्या वर्षी आई आली. सुबाभळीखाली सतरंजी टाकून बसली, म्हणाली, आता ह्याला गाव म्हणता येईल.

ती माळढोक मात्र बक्षिसाच्या वर्षी एकदाच आली. छातीएवढ्या झाडांच्या कडेनं एक सकाळ फिरली, दोनदा थांबली, मान वर करून पाहिलं आणि गेली. आबांनी येऊन सांगितलं, बाई, तुमची झाडं बघून गेली. मी विचारलं, आवडली का? न्हाई बोलली काय, ते म्हणाले. त्यानंतर ती आली नाही. आबा मेंढरं घेऊन लांबलांब जायला लागले. मला वाटलं चराईसाठी. पुढे ते वारले. मी कुसळवाडीतच राहिले, तिथूनच निवृत्त झाले, आणि घर बांधलं तेही त्या झाडांकडे तोंड करून.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात, महिला मंडळात, निरोप समारंभात, आकाशवाणीवर एकदा. बक्षिसावर पाणी सोडून आम्ही एक अंडं कसं राखलं. शेवटाला टाळ्या पडायच्या आणि मी त्या नम्रपणे घ्यायचे.

परवाच्या श्रावणात पुण्याहून एक मुलगी आली, अन्विता नावाची. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण, गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना माळढोक शेवटचा कधी पाहिला ते विचारत होती. लोकांनी माझं घर दाखवलं. ऊन होतं, म्हणून मी तिला बाहेर आबांच्या झाडाखाली बसवलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. पोरगी भुकेली होती, पोटभर जेवली. मग तिनं छापील कागद काढला आणि मी गोष्ट सुरू केली. तिच्यासारखा ऐकणारा मला मिळाला नव्हता. हजेरीपटावर हसली, चपला काढायला लावल्यावर तिनं श्वास धरला, आणि झाडावर चढून बघेल म्हटलं तिथे तर ती खो खो हसली.

“बाई, त्यांना झाडावर बसताच येत नाही,” ती हसत हसतच म्हणाली. “पायाला मागचं बोटच नसतं ना. फांदी धरणार कशी? त्यांना नुसता मोकळा माळ लागतो. लांबून कुत्रं, कोल्हा, माणूस दिसायला हवा. मध्ये झाडं आली की ती जागा त्यांच्यासाठी संपलीच. ठिकठिकाणी तसंच झालंय. पडीक म्हणून झाडं लावतात आणि…”

बोलता बोलता तिनं वर पाहिलं. ज्या फांदीखाली बसली होती तिच्याकडे. मग रांगेकडे. गुंड गुरुजींच्या दोरीनं आखलेली रांग, नाकासमोर.

“म्हणजे फक्त झाडांमुळे असं नाही,” ती घाईनं म्हणाली. “विजेच्या तारा आहेत, उसाची शेती आहे, कुत्री आहेत. पूर्वी शिकारही व्हायची. पुष्कळ कारणं असतात, बाई.”

पोरगी गुणाची. मी तिला ताक प्यायला दिलं. तिच्या कागदावर एक रकाना होता, ह्या ठिकाणाहून पक्षी नाहीसा होण्याचं कारण. तो तिनं कोराच सोडला होता. मी कागद मागून घेतला. चष्मा लावला आणि लिहिलं, शाळेचं वृक्षारोपण, झाडे एक हजार. खाली सही केली, तारीख घातली. प्रगतिपुस्तकांवर छत्तीस वर्षं करत आले, हाताला सवय. सही लागत नाही, बाई, ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

ती गेल्यावर मी सुगलाबाईकडे गेले. ती आता नव्वदीला टेकलीय, ऐकायला बरं येतं, दिसायला कमी. वाडग्याच्या जागी नातवानं स्लॅबचं घर बांधलंय, त्याच्या पायरीवर बसलेली असते. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं ते एकदम. आबांना माहीत होतं ना? झाडं आली की ती यायची नाही, हे. मग मला त्यांनी सांगितलं का नाही?

सुगलाबाईनं थोडा वेळ तोंड हलवलं.

“सांगितलं की,” ती म्हणाली. “घरी यिऊन म्हनले मला, बाईला इचारलं म्या, ती बघंल कुठनं म्हनून. तुमी हसला. मग त्ये बी हसले. म्हनले, परमुलखातली पोर, किती दिसांनी आशी हसली. आता त्यो इषय न्हाई काडत पुन्यांदा.”

पहिल्यांदाच तिच्यापुढे मी गप्प बसले होते. तिला ते कळलं असावं. तिनं हात लांब केला, माझ्या साडीचा काठ चाचपून मांडीवर ओढून घेतला आणि जुन्या सवयीनं बोटं फिरवायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, उलटून पुन्हा फिरवली. मी तिच्या घरापर्यंत झाडांमधूनच चालत आले होते.

काठाला एकही कुसळ नव्हतं.